ज्वारीच्या शेताचें वर्ष

शहरांतील सुशिक्षित कुटुंबांत ज्वारीच्या शेताची आठवण बहुधा वर्षांतून एकदांच होते. पौषांतील थंडी पडते, हुरड्याचें आमंत्रण येतें, चार घटका मौजेंत जातात आणि मंडळी घरीं परततात. परंतु हुरडा हा त्या शेताच्या वर्षांतील एक लहानसा प्रसंग होय. सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचें एखादें कोरडवाहू शेत बारा महिने न्याहाळलें, तर तें माणसाच्या ताटांत काय काय वाढतें आणि त्याच्या आश्रयानें किती जीव जगतात, हें कळून येतें.

मंगळवेढ्यास ज्वारीचें कोठार म्हणतात. दुष्काळांत बादशाही कोठारें भुकेलेल्यांसाठीं मोकळीं करणाऱ्या संत दामाजीपंतांची कथा याच गांवची. तेथल्या ज्वारीस अलीकडे भौगोलिक मानांकनही लाभलें आहे. या कीर्तीचें मूळ काळ्या जमिनींत आहे. ही खोल, चिकण माती पाणी प्याली म्हणजे फुगते आणि वाळली म्हणजे तिला मोठमोठ्या भेगा पडतात. पावसाळ्यांत बहुतेक शेत रिकामें ठेवून त्यास कुळवाच्या पाळ्या देतात व पडेल तें पाणी जमिनीच्या पोटांत मुरूं देतात. उत्तरा आणि हस्त या नक्षत्रांच्या सुमारास तिफणीनें पेरणी होते. त्यानंतर पाऊस न पडला तरी पीक त्या साठविलेल्या ओलीवर वाढतें. मधून मधून कोळपें फिरवितात, तें केवळ तण काढण्यासाठीं नव्हे. कोळप्यानें भेगा बुजतात आणि वरची भुसभुशीत माती खालच्या ओलीवर पांघरुणासारखी राहते. मोहोळ येथें स्थानिक मालदांडींतून निवडलेला ‘मालदांडी ३५-१’ हा वाण अशा कोरड्या हंगामास चांगला टिकतो, म्हणूनच शेतकऱ्यांनीं तो अद्यापि सोडलेला नाहीं.

पावसाळ्यांत शेत रिकामें असलें तरी चूल रिकामी नसते. पहिल्या सरींबरोबर बांधावर तरोटा उगवतो. त्याचा कोंवळा पालाच काय तो भाजीच्या उपयोगाचा. मागोमाग तांदुळजा, कुर्डू आणि आंबटसर चिघळ येते. तण म्हणून जें उपटावयाचें, तेंच निवडून शिजवावयाचें, असा हा व्यवहार आहे. कोणती भाजी केव्हां खुडावी आणि केव्हां सोडून द्यावी, हें ज्ञान सासूकडून सुनेस खुरपणी करतां करतां मिळत आलें. थंडीच्या दिवसांत उभ्या पिकांतून पाथरी उगवते. ती धुवून कच्चीच भाकरीबरोबर खातात.

ज्वारीच्या शेजारीं हरभरा असतो. पेरणीनंतर महिन्याभरानें त्याचे शेंडे खुडतात. त्यांची भाजी तर होतेच, शिवाय शेंडा खुडल्यानें झाडास फांद्या अधिक फुटतात व घाटेही वाढतात. हरभऱ्याच्या पानांवर आंबट द्रव सुटतो. पूर्वीं रात्रीं पिकावरून फडकें फिरवून ही ‘आंब’ गोळा करीत आणि पोटदुखीवर औषध म्हणून जपून ठेवीत. शेताच्या कडेनें करडईच्या ओळी असतात. कोंवळेपणीं तिची भाजी होते, पुढें तिला कांटे येऊन जनावरें पिकांत शिरत नाहींत, आणि शेवटीं बियांचें तेल निघतें. एका पिकाकडून तीन कामें करून घेण्याची ही युक्ति जुनी आहे.

मार्गशीर्षाच्या अमावास्येस वेळ अमावास्या येते. त्या दिवशीं सारें घर शेतावर जातें. ताटांच्या पेंढ्यांची कोप उभारून तींत पांच पांडवांची पूजा होते, आणि नैवेद्याला ताकांतील आंबील, बाजरीचे उंडे व ताज्या शेंगांची, दाण्यांची भज्जी असते. शेतांत त्या वेळीं जें हिरवें असेल, तें सर्व त्या एका भाजींत उतरतें.

यानंतर हुरडा. दाण्यांत प्रथम दूध भरतें, मग तो चिकांत येतो आणि त्यापुढचे कांहीं दिवस हुरड्याचे. अलीकडे काढला तर दाणा पिचतो, पलीकडे गेला तर निबर होतो. गूळभेंडी, सुरती असे वाण याकरितांच चार ओळी वेगळे पेरतात. त्यांचा दाणा गोड असून कणसापासून सहज सुटतो. गोंवऱ्यांच्या आगटींत भाजलेलें कणीस तळहातांवर चोळून दाणे काढावे आणि शेंगदाण्याची चटणी, गूळ व ताक यांबरोबर खावे, ही रीत सर्वश्रुत आहे.

याच दिवसांत दुसरेही पाहुणे आलेले असतात. भोरडी, म्हणजे गुलाबी मैना, मध्य आशियांत वीण आटोपून पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून इकडे येऊं लागते. कणसें भरलीं कीं तिचे थवे शेतावर उतरतात आणि माळ्यावरची गोफण दिवसभर फिरत राहते. पण हाच पक्षी नाकतोडे व अळ्या फस्त करतो; आपल्या मूळ प्रदेशांत तर तो टोळांचा वैरी म्हणून प्रसिद्ध आहे. गवताळ माळावर रात्र काढणारे भोवत्या पक्षी दिवसा पिकावरून घिरट्या घालून उंदीर व टोळ टिपतात. काळवीट आणि लांडगे यांचाही वावर याच माळांवर असतो.

या सर्वांत दुर्मिळ तो माळढोक. त्याच्यासाठीं नान्नज परिसरांत १९७९ सालीं अभयारण्य जाहीर झालें. नाकतोडे, भुंगेरे, सरडे, बोरें हें त्याचें खाद्य. मादी बहुधा एकच अंडें उघड्या जमिनीवर घालते, त्यामुळें मोकळा माळ आणि कोरडवाहू शेतें यांची जोडी टिकली तरच तो टिकावयाचा. माळ घटले, विजेच्या तारांना धडकून पक्षी मेले, आणि आज सबंध देशांत त्यांची संख्या अंदाजें दीडशेच्या घरांत आहे. त्यांतील बहुतेक राजस्थानांत आहेत.

भीमेवरील उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झालें. कालव्याचें पाणी आलें, तसा ऊंस आला. याबद्दल शेतकऱ्यास दोष देणें योग्य होणार नाहीं. ज्वारी हातांनीं उपटून काढावी लागते, मजूर मिळत नाहींत, आणि भाव अनिश्चित असतो. उंसाला गिऱ्हाईक ठरलेलें असतें. तण निंदण्याऐवजीं तणनाशक फवारणें स्वस्त पडतें. मात्र त्या फवाऱ्याखालीं चिघळ आणि पाथरीही जळून जातात. एकेका शेतांतून ज्वारी गेली कीं तिच्याबरोबर हरभरा, करडई, बांधावरची भाजी, जनावरांचा कडबा आणि पांखरांचा आसराही जातो.

२०२३ हें वर्ष संयुक्त राष्ट्रांनीं भरडधान्यांचें म्हणून पाळलें. सभा झाल्या, लेखही निघाले. परंतु शेतांत काय पेरावयाचें, हें पुष्कळसें शहरांतल्या स्वयंपाकघरांतच ठरतें. वर्षांतून एकदां हुरडा खाल्ल्यानें ज्वारीचें शेत टिकत नाहीं. आठवड्यांतून चार वेळां भाकरी झाली तर टिकण्याची आशा आहे. फाल्गुन-चैत्रांत खळीं होऊन नवी ज्वारी बाजारांत येते. त्या वेळीं मालदांडी नांवानें मागून वर्षाची बेगमी करावी, आणि मंडईंत चिघळ, पाथरी घेऊन बसलेल्या बाईच्या टोपलीपाशीं क्षणभर थांबावें. गृहिणीच्या या दोन लहानशा खरेद्यांचा हिशेब शेतकरी पुढच्या पेरणीच्या वेळीं ध्यानांत घेतल्यावांचून राहणार नाहीं.