वहीची साक्ष आणि यंत्राचे इमान



२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी मातब्बर संकेतस्थळे एकाएकी उघडेनाशी झाली. संकेतस्थळांची नावे त्यांच्या पत्त्यांशी जुळवून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला होता. हल्लेखोर कोण? घराघरांतले निरुपद्रवी कॅमेरे आणि राउटर! ‘मिराई’ नावाच्या घातकी आज्ञावलीने ती उपकरणे फितवली होती. त्यासाठी कोणतीही असामान्य विद्या लागली नाही. कारखान्यात घातलेले परवलीचे शब्द मालकांनी बदललेच नव्हते. तशा साठाहून अधिक शब्दांची यादी पुरेशी ठरली. दाराशी बसवलेला पहारेकरीच दरोडेखोरांना सामील व्हावा, तसा हा प्रकार.

उपकरणांच्या विश्वासार्हतेवर उपाय म्हणून ब्लॉकचेनचे नाव घेतले जाते. जुन्या पेढीवरची रोजकीर्द आठवावी. तिच्या प्रत्येक पानावर मागील पानाचा गणिती ठसा उमटवला आणि वहीच्या प्रती परस्परांशी लागेबांधे नसलेल्या अनेकांकडे ठेवल्या, तर मधले एक पान गुपचूप बदलणे जवळजवळ अशक्य होते. ही कल्पना बिटकॉइनहून जुनी आहे. हेबर आणि स्टॉर्नेटा या संशोधकांनी ठशांच्या साखळीचा विचार १९९१ मध्येच मांडला. पुढे असा ठसा दर आठवड्याला ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापला जाऊ लागला. वर्तमानपत्राच्या लाखो प्रती परत कोण गोळा करणार?

उत्पादकाने आपल्या आज्ञावलीचा ठसा अशा वहीत नोंदवला, तर नवी आज्ञावली स्वीकारण्यापूर्वी उपकरणाला तो ताडून पाहता येतो. भेसळ तत्काळ उघडी पडते. या विद्येचा खरा उपयोग येथे आहे.

परंतु नोंद बदलत नाही, म्हणून ती खरी ठरत नाही. लसींच्या शीतगृहातील तापमापक मुळातच बिघडलेला असेल, तर ब्लॉकचेन ते असत्यही तितक्याच निष्ठेने जपेल! शिवाय छोट्या उपकरणाला संपूर्ण वही बाळगण्याची ताकद नसते. ते दुसऱ्या यंत्राला विचारते, आणि मग विश्वासाचा प्रश्न त्या यंत्रापाशी जाऊन उभा राहतो.

मिराईला तर कोणत्याही वहीने अडवले नसते. तेथे दारच उघडे होते. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच किंवा सहज ओळखता येणारे परवलीचे शब्द घालून उपकरणे विकण्यास कायद्याने मनाई केली. उपकरणाला सुरक्षा-सुधारणा किती काळ पुरवणार, हेही तेथील उत्पादकाला आधीच जाहीर करावे लागते. या उपायाला ब्लॉकचेनचा झगमगाट नाही. घरात कॅमेरा बसवणाऱ्याने मात्र हे दोन प्रश्न विक्रेत्याला आजही विचारण्यास हरकत नाही.