आरतीला सगळे हवेत
(सभासदांच्या मेळाव्यातील भाषण)



गणपतीत आपण बरेचजण गढगणेशला पायी जातो. सवाई जयसिंगांच्या काळातला हा सोंड नसलेला बाळगणेश. त्याच उत्साहात नाहरगड, आमेरचे डोंगरही पालथे घालतो. मंडळींना वाट दाखवण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे आहे, म्हणून दोन शब्द.

आपल्याला सवय सह्याद्रीची. तिथला पाऊस दिवसचे दिवस लागून राहतो. इथे अरवलीत मात्र लख्ख ऊन असताना तासाभरात ढग दाटतात आणि विजा कडाडू लागतात. ११ जुलै २०२१ रोजी आमेर किल्ल्याजवळच्या टेहळणी बुरुजावर वीज पडून ११ जण गेले. पाऊस बघायला, फोटो काढायला गेलेली माणसे ती! उंचावरचा बुरुज, छत्री किंवा एकटे झाड हा आसरा नव्हे. गडगडाट कानी आला की डोंगराची धार सोडून खाली उतरावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी पुन्हा वर जाऊ नये.

एकदा माथा दहा मिनिटांवर असताना मी सर्वांना परत फिरवले. एक काका रागावले, "अहो, दर्शन राहिले की!" पुढे पाऊस आलाच नाही. मी ओशाळलो; पण पुन्हा तसेच करीन. सकाळी निघालेली सगळी माणसे संध्याकाळच्या आरतीला हजर असली, म्हणजे वाटाड्याचे काम झाले.

तेव्हा यंदा कोणी "मागे फिरा" म्हणाले, तर रागावू नये, ही विनंती.

गणपती बाप्पा मोरया!