नवी तबकडी, जुनी दुखणी

पावसाळा तोंडावर आला की पेडणे आणि डिचोली तालुक्यांतील शाळांच्या कचेऱ्या गजबजून जातात. दहावीचा निकाल लागलेला असतो, अकरावीचे प्रवेश चालू असतात, आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालक दाराशी तिष्ठत असतात. नेमक्या अशा वेळी कारकुनाच्या पुढ्यातला संगणक हटून बसावा, हा अनुभव पुष्कळ शाळांना नवा नाही. वीज जाते, येते, पुन्हा जाते. भिंतींना ओल धरते. आणि आधीच थकलेली हार्ड डिस्क टक् टक् असा आवाज करू लागते.

पूर्वी या नोंदी जाड पुठ्ठ्यांच्या वह्यांत असत. वाळवी त्यांना खाई, पण पानामागून पान खाई. उरलेले वाचता तरी येई. हार्ड डिस्कचे तसे नाही. तिच्यातील वेगाने फिरणाऱ्या तबकड्यांवरून वाचक-सुई केसाच्या जाडीहूनही कितीतरी कमी अंतर राखून सरकत असते. ती एकदा घासली, की वीस वर्षांच्या नोंदी एका दुपारी नाहीशा होतात. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा ५० तबकड्यांच्या त्या धुडात अवघी ५० लाख अक्षरे मावत असत. आज तळहाताएवढ्या डिस्कमध्ये सबंध तालुक्याच्या शाळा सामावतात. नुकसानीचे मापही त्याच प्रमाणात वाढले आहे, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही.

अशी एखादी शाळा डोळ्यांपुढे आणावी. आवाज ऐकताच मुख्याध्यापकांनी शहाणपणाने संगणक बंद करविला. दुरुस्ती करणाऱ्याने जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरविली, जुनी काढून नवी बसविली आणि कळ दाबली. पडदा निळा झाला, इंग्रजीत काही अक्षरे उमटली, आणि यंत्र आपणच पुन्हा सुरू होऊन पुन्हा तेथेच थांबले. आता संशय कोणावर? अर्थातच नव्या डिस्कवर. येथेच बहुतेकांची वाट चुकते.

प्रथम पाहावयाच्या त्या दोन केबली: एक विजेची, दुसरी माहितीची. पेटीत हात घालताना त्यांतली एखादी सैल होणे अगदी साधे आहे. त्यानंतर बायोस, म्हणजे यंत्र जागे होताना प्रथम चालणारी आज्ञावली. आरंभ कोणत्या डिस्कवरून करावयाचा, हे तिला सांगावे लागते. प्रत उतरविताना केवळ ‘सी’ हा विभाग उतरविला आणि त्याच्या शेजारचा आरंभाचा लहानसा विभाग मागे राहिला, तरीही यंत्र उठत नाही. या तिन्ही गोष्टी ठीक निघाल्या, तर नजर पडद्यावरील घड्याळाकडे वळवावी. तारीख कित्येक वर्षे मागे गेलेली दिसली, की चोर सापडला म्हणावे.

मदरबोर्डवर नाण्याच्या आकाराची एक बॅटरी असते. भिंतीतील वीज तोडली असतानाही घड्याळ आणि बायोसमधील निवडी जपणे हे तिचे काम. जुन्या यंत्रांत ती केव्हाच निकामी झालेली असते. परंतु प्लग सदैव लावलेला असल्यामुळे कोणाला पत्ता लागत नाही. डिस्क बदलण्यासाठी प्लग काढला, की सगळ्या निवडी पुसल्या जातात. त्यांतच डिस्कशी कोणत्या पद्धतीने बोलावयाचे, ही निवडही असते. विंडोजला एएचसीआय पद्धतीची सवय आणि बायोस परतले जुन्या आयडीई पद्धतीकडे, की पडदा निळा! अपराध बॅटरीचा, आणि फाशी डिस्कला. थोड्याशा रुपयांची बॅटरी बदलावी, तारीख आणि ती निवड पूर्ववत करावी, एवढाच तो उपाय.

पण घाई झालेला माणूस एवढे थांबत नाही. ‘सगळे पुसून नव्याने विंडोज घालतो,’ असे तो म्हणतो, आणि त्या भरात कधी कधी जुनी डिस्कही जोडलेलीच राहते. ‘फॉरमॅट’ हा शब्द पडद्यावर आला, की हात मागे घ्यावा. जुनी डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडल्यावरही हाच प्रश्न येऊ शकतो. तेथे होकार देणे म्हणजे दाखल्यांवर पाणी सोडणे. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांत डिस्क कुलूपबंदही असते, आणि दुसरीकडे जोडल्यास ती ४८ अंकी किल्ली मागते. ती किल्ली डिस्क काढण्यापूर्वीच कागदावर उतरवून ठेवलेली बरी.

५०० जीबीची डिस्क ४६५ च दाखविते म्हणून दुकानदाराशी भांडणारेही आढळतात. ते भांडण व्यर्थ आहे. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १०२४ च्या. फरक मोजण्यातला आहे. अगदी कोरी डिस्क जोडल्यावर ती मुळीच दिसत नाही, त्याचेही भय नको. डिस्क व्यवस्थापनात जाऊन तिच्यावर आधी विभाग पाडावा लागतो.

त्या शाळेत बॅटरी बदलली, घड्याळ आजच्या तारखेवर आले आणि दुपारपर्यंत दाखले छापून निघू लागले. जुनी डिस्क मात्र कोणी टाकली नाही. कोरड्या पिशवीत, काढल्याची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीसह, ती कचेरीच्या लोखंडी कपाटात ठेवली गेली. आणि नव्या डिस्कची दुसरी प्रत काढून ती शाळेबाहेर, अन्य ठिकाणी पाठविण्यात आली.