गल्लीत पोलीस आले, म्हणजे काय झाले?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला तेव्हा मी म्हटले, माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, मी काय भाषण करणार? त्यावर चिटणीसबाई म्हणाल्या, "नळावर बोलता तेच बोला." नळावर आपण काय बोलतो? गल्लीत पोलिसांची गाडी आली होती, कोणाकडे आली, कशाला आली, हेच! म्हणून आज तोच विषय घेते.

गाडी येण्यास शंभर कारणे असतात. पासपोर्टची चौकशी असते, कोर्टाचे समन्स असते, चोरीचा पंचनामा असतो, नवरात्रात बंदोबस्ताची पाहणी असते. पण गाडी वळणाआड जाण्याच्या आत आपण खटला चालवून शिक्षाही देऊन मोकळ्या होतो. आमच्या ओळखीच्या एका घरी पोलीस आले, ते एका चोरीत साक्षीदार म्हणून मुलाचा जबाब घेण्यास. चार घरे ओलांडेपर्यंत बातमी झाली, 'मुलाला धरले!' त्याच्या बहिणीला पाहण्यास येणारी मंडळी आलीच नाहीत. पुढे खरे काय ते सर्वांना कळले, पण गेलेले स्थळ काही परत आले नाही.

अफवेने जीवही जातात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा या गावी, मुले पळविणारी टोळी समजून जमावाने ५ जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षा मागून पोट भरणारे. बहुतेकजण आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील, मंगळवेढा तालुक्याचे. अशी माणसे आपल्याही दारी येतात. आपण त्यांना पीठ वाढतो. मोबाईलवर आलेली ती बातमी खरी की खोटी, एवढे पोलिसांना कोणी आधी विचारले असते, तर पाच घरांची धूळधाण झाली नसती.

आणि दूर कशाला? फेब्रुवारी २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातील तामलवाडी येथे पोलिसांनी एमडी नावाचा अमली पदार्थ पकडला. तपास तुळजापुरापर्यंत आला आणि आरोपींची नावे वाढत गेली. प्रत्येक आईच्या पोटात गोळा आला. तेव्हा विचारण्यासारखे पुष्कळ होते. शाळेच्या आसपास असे काही विकले जाते का? संशय आला तर कोणाला सांगावे? पण गल्लीत चर्चा एकच, 'त्यात अमक्याचाही मुलगा आहे म्हणे!' बायांनो, आरोपी म्हणजे गुन्हेगार नव्हे, आणि 'आहे म्हणे' म्हणजे तर आरोपीसुद्धा नव्हे.

मग खरे कळावे कसे? मी विचारपूस करून समजून घेतले, ते सांगते.

पहिली गोष्ट फिर्यादीची. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ रोजी आदेश दिला की नोंदलेला एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर ठेवावा, इंटरनेटची अडचण असेल तेथे ७२ तासांपर्यंत. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर जिल्हा, ठाणे आणि तारीख घातली की तो दिसतो. आपल्याला जमले नाही तर कॉलेजातली मुलगी काढून देईल. अत्याचारासारखे नाजूक गुन्हे तेथे नसतात, आणि ते योग्यच आहे. अत्याचार झालेल्या मुलीचे नाव छापणे किंवा पसरविणे हा स्वतःच गुन्हा आहे. ते नाव आपण विचारूही नये.

दुसरी गोष्ट अटकेची. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा लागू आहे. त्याप्रमाणे अटक झालेल्यांची नावे, पत्ते आणि गुन्ह्याचा प्रकार ही माहिती ठाण्यात ठळकपणे लावावयाची असते. अटक केली की घरच्यांना कळविले पाहिजे, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायाधीशापुढे उभे केले पाहिजे.

तिसरी गोष्ट आपल्या बायांची. साक्षीदार म्हणून जबाब देण्यासाठी बाईला ठाण्यात येण्याची सक्ती करता येत नाही, तिच्या राहत्या घरी येऊनच विचारावे लागते. आपण फिर्याद दिली, तर तिची नक्कल फुकट मिळते.

चौथी गोष्ट माहितीच्या अधिकाराची, म्हणजे २००५ च्या कायद्याची. १० रुपयांचा अर्ज करून विचारता येते की वर्षभरात आपल्या भागात घरफोड्या किती नोंदल्या, त्यांतल्या किती उघडकीस आल्या. उत्तरास ३० दिवसांची मुदत आहे. मात्र चालू तपासाला बाधा येईल असे ते सांगत नाहीत.

या सर्वांहून सोपे म्हणजे स्वतः जाऊन विचारणे. मध्यंतरी दोन रात्री आमच्या गल्लीत गाडी फिरत होती. तर्क तर नाना झाले. आम्ही तिघीजणी ठाण्यात गेलो. पाय थरथरत होते, खोटे कशाला सांगू! ठाणे अंमलदारांनी बाकावर बसविले आणि सांगितले, "बंद घरे फोडल्याच्या तक्रारी आहेत, म्हणून रात्रगस्त वाढविली. गावाला जाताना शेजारी सांगून जा, दागिने घरात ठेवू नका." दहा मिनिटांचे काम! त्या आठवड्यात गल्लीतल्या बायांनी कडी-कोयंडे नीट करून घेतले. तर्क करीत बसलो असतो, तर कुलूप कोणी बदलले असते?

भिवंडीचे उदाहरण मोठे आहे. १९७० व १९८४ साली तेथे भयंकर दंगली झाल्या. १९८८ नंतर सुरेश खोपडे या पोलीस अधिकाऱ्यांनी मोहल्ला समित्या उभारल्या आणि पोलीस व रहिवासी एकत्र बसून बोलू लागले. १९९२-९३ मध्ये शेजारची मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली.

म्हणून माझी सूचना आहे की दर महिन्याला मंडळाच्या दोघींनी ठाण्यात जावे, आपल्या भागाचे बीट अंमलदार कोण ते विचारावे, सावधगिरीच्या सूचना लिहून आणाव्यात आणि सभेत वाचाव्यात. निकडीच्या वेळी ११२ हा नंबर फिरवावा. आणि ज्या घरी पोलीस येऊन गेले, त्या घरच्या बाईला दुसऱ्या दिवशी हाक मारून विचारावे, "काही मदत लागते का?" तिच्या माघारी बोलण्यापेक्षा हे बरे.