आठवण जाते, भावना राहते



घरातले वडीलधारे माणूस विनाकारण चिडू लागले, संशय घेऊ लागले, की ‘म्हातारचळ लागला’ म्हणून आपण मोकळे होतो. परंतु तो स्वभावाचा दोष नसून मेंदूचा आजार असू शकतो, एवढेच आज आम्हाला सांगायचे आहे.

मेंदूत खोलवर बदामाच्या आकाराचा एक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात. भीती, धोका यांची दखल तो घेतो. नव्या आठवणी घडवणारा हिप्पोकॅम्पस त्याच्या शेजारीच असतो. कपाळामागचा भाग भावनांना आवर घालतो. अल्झायमरच्या आजारात पहिले दोन्ही भाग झिजत जातात. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली ज्या रुग्ण स्त्रीची हकिगत मांडली, तिलाही विस्मरणाबरोबर नवऱ्याविषयी संशय होता. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात कपाळामागचा भाग लवकर झिजतो. मग स्मरण बरे असूनही माणूस कोरडा, बेमुर्वत वागू लागतो. पार्किन्सनमध्ये तर कधीकधी हात कापण्याआधीच मन उदास होते.

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. पेन्शनच्या दिवशी एखादे आजोबा पैसे घेतात आणि घटकाभराने ‘मला पैसे दिलेच नाहीत’ म्हणून भांडायला येतात. रांगेतले लोक हसतात. अशा वेळी त्यांना खोटे पाडून काय साधणार? आधी खुर्ची द्यावी, मग पासबुक दाखवावे.

याला शास्त्राचाही आधार आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचा एक अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. अल्झायमरच्या रुग्णांना दुःखाच्या व आनंदाच्या चित्रफिती दाखवल्या. काय पाहिले ते रुग्ण लवकरच विसरले, पण मनातले दुःख आणि आनंद मागे राहिले. म्हणजे आपण रागाने बोललेला शब्द आजी विसरेल, त्याची टोचणी मात्र उरेल. आणि प्रेमाने भरवलेला घासही वाया जाणार नाही.

म्हणून सभासदांनी अशा माणसाला वेळीच डॉक्टरांना दाखवावे. थायरॉईडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळे आलेले विस्मरण उपचारांनी सुधारू शकते. शुश्रूषेचा भार एकट्या सुनेवर टाकू नये. विद्यार्थी मित्रांनो, आजोबांनी तोच प्रश्न दहा वेळा विचारला, तर अकराव्या वेळीही उत्तर द्या. त्यांना उत्तर आठवणार नाही, तुमचा आवाज गोड होता हे मनाला कळेल.