हक्कांची हमी आणि राज्यांची ढाल

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा सारांश)

साथींनो, मूलभूत हक्क हा नागरिकाचा विषय आणि केंद्र-राज्य संबंध हा सत्ताधाऱ्यांच्या भांडणाचा विषय, अशी वाटणी आपणही मनाशी करून ठेवली आहे. आणीबाणीचा अनुभव नेमका उलट आहे. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली आणि दोनच दिवसांत कलम १४, २१ व २२ साठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने स्थगित झाला. आदेश देशभर एकच होता. तरीही तामिळनाडूत करुणानिधींचे आणि गुजरातेत बाबूभाई पटेलांचे सरकार होते, तोवर तेथे विरोधकांना थोडा श्वास घेता येत होता. भूमिगतांना आसराही मिळे. ३१ जानेवारी १९७६ रोजी तामिळनाडूचे सरकार बरखास्त झाले, मार्चमध्ये गुजरातेतही राष्ट्रपती राजवट आली, आणि या दोन्ही खिडक्या बंद झाल्या. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने नऊ उच्च न्यायालयांचे म्हणणे मोडीत काढले. स्थानबद्धाला ठोठावायला दारच उरले नाही. एकटे न्या. हंसराज खन्ना वेगळे उभे राहिले; पुढे सरन्यायाधीशपदासाठी त्यांना डावलण्यात आले.

तो निकाल चुकीचा होता, हे त्याच न्यायालयाने म्हणायला २०१७ साल उजाडले. कर्नाटकात बोम्मई यांचे सरकार एप्रिल १९८९ मध्ये बरखास्त झाले. बहुमत सभागृहातच अजमावावे, हा निकाल आला मार्च १९९४ मध्ये! निकाल मोलाचा खरा, पण गेलेले सरकार त्याने परत आले नाही. न्यायालयांवर सारा भार टाकून स्वस्थ बसणाऱ्यांनी या तारखा शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात.

अर्थात राज्य ही नेहमीच ढाल असते असे नव्हे. महाराष्ट्राने १९८१ मध्ये स्वतःचा स्थानबद्धतेचा कायदा केलाच.

१९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने कलम २० व २१ आणीबाणीतही अबाधित केले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच दुरुस्तीत आणखी एक तरतूद आहे: सल्लागार मंडळाच्या मताशिवाय कोणालाही तीनऐवजी दोनच महिने स्थानबद्ध ठेवता यावे आणि मंडळाचा अध्यक्ष उच्च न्यायालयाचा पदावरील न्यायाधीश असावा. संसदेने ती मंजूर केली. अंमलाची तारीख ठरविणे मात्र सरकारवर सोपविले. ती तारीख आजवर ठरलेली नाही. धनबादचे कामगार नेते ए. के. रॉय यांच्या खटल्यात, १९८१ मध्ये, सरकारला तसा हुकूम देण्यास न्यायालयाने नकार दिला. त्यानंतर दिल्लीत अनेक रंगांची सरकारे आली, त्यांत आपल्या मित्रांचीही होती. त्या अधिसूचनेवर एकानेही सही केली नाही.