जॉली बॉय बेटावरचा एक तास
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला प्रवासावर बोलायला सांगितलं आहे. आपला यवतमाळ जिल्हा समुद्रापासून किती लांब, हे भूगोलाच्या तासाला आपण सर्वांनीच नकाशावर पाहिलं आहे. म्हणून मी समुद्राच्या आतलंच सांगते.

२०१९ च्या जानेवारीत आम्ही अंदमानला गेलो. सेल्युलर जेल आणि सावरकरांची कोठडी पाहून हात आपोआप जोडले गेले. दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरहून वंडूरला जाऊन बोटीत बसलो. खारफुटीच्या खाडीतून बोट जॉली बॉय बेटाला लागते. १९८३ साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातलं हे बेट. तिथे वस्ती नाही, दुकान नाही, रात्रीचा मुक्कामही करता येत नाही. बोटीत चढण्याआधी पिशव्या तपासतात. प्लास्टिकची बाटली किंवा चिवड्याचं पाकीट पुढे जाऊच देत नाहीत.

मला पोहता येत नव्हतं. आपल्या वेळी मुलं वावरातल्या विहिरीत धबाधब उड्या मारायची आणि आम्ही मुली काठावर त्यांचे कपडे राखत बसायचो. पोरीच्या जातीला पोहणं कोण शिकवणार? पंचावन्न उलटल्यावर त्या बेटावर एका तरुण गाईडने मला जॅकेट घातलं, हाती रबरी चाक दिलं, डोळ्यांवर काच चढवली, तोंडात नळी दिली आणि सांगितलं, "आंटी, नाक विसरा, तोंडाने श्वास घ्या." काळीज धडधडत होतं. पण चेहरा पाण्याखाली गेला आणि भीती कुठल्या कुठे गेली.

खाली प्रवाळ होते. कुणी हरणाच्या शिंगांसारखे, कुणी मेंदूसारखे, त्यांतून रंगीत मासे फिरत होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, वनस्पतीही नव्हे. चुन्याचं घर बांधून राहणारे ते इवले जीव. त्यांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ त्यांना अन्न आणि रंग देतं. पाणी फार तापलं की हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरे पडतात. ताप लांबला तर मरतात. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ साली असं घडलं. मलाही मधे मधे पांढरेफटक, मोडके पट्टे दिसले. म्हणूनच त्यांच्यावर पाय ठेवायचा नाही, तुकडाही उचलायचा नाही. कायद्याने त्यांना वाघाइतकंच संरक्षण आहे.

आणि समुद्र आपल्याला परका नाही बरं! वणी-मुकुटबनकडचा चुनखडक कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळाशीच साचलेला आहे.

आता एक मागणं. आपल्या बॅचने शाळेसाठी निधी जमवला आहे. पंखे घ्या, फळे घ्या, पण त्यातला थोडा भाग मुलींना पोहायला शिकवण्यासाठी ठेवा. आपल्या भागात विहिरी, शेततळी, धरणं आहेत. पाय घसरला तर पोहणं जीव वाचवतं. समुद्र पाहायला मिळणं ही पुढची गोष्ट. मला मिळाला, पण फार उशिरा. या शाळेतल्या मुलींना इतकी वाट पाहावी लागू नये.

या कामासाठी पहिली पावती माझ्या नावाने फाडा.